लाल दोऱ्यापर्यंत पारा

बर्फ कमी पडतोय म्हणून पारा चढतोय, असं डॉक्टर सान्यालांचं म्हणणं होतं. मला ते पटत नव्हतं. बर्फ मी नुकताच डोळ्यांनी पाहिला होता. मुलीच्या दोन्ही काखांत, जांघांत आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या रबरी पिशव्या होत्या, सगळ्या भरलेल्या होत्या, डोक्यावर पंखा फिरत होता. तरीही सकाळी बत्तीसवर असलेला पारा दुपारी एक वाजता साडेचौतीसवर गेला होता.

"औषधाचा डोस वाढवा," सान्याल म्हणाले.

"वाढवला तर श्वास थांबेल, सर."

"तुम्ही अ‍ॅनेस्थेटिस्ट आहात. श्वास थांबू न देणं हे तुमचंच काम."

"ऑपरेशनच्या दोन तासांपुरतं. हाताने श्वासाची पिशवी दाबत मी किती दिवस बसू शकेन?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं चिडण्याचं लक्षण होतं. "संध्याकाळपर्यंत पारा खाली आला नाही, तर डोस वाढवायचा," म्हणाले आणि निघून गेले. लहान मुलांसाठी श्वास देणारं मशीन आमच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा नव्हतं. म्हणजे माझ्या हातात पाच तास होते.

हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं कलकत्ता. मी एकतीस वर्षांची, सियालदहजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. हे कस्टम्समध्ये होते. त्यांची बदली खिदिरपूरच्या गोदीत झाली म्हणून मी या शहरात आले, नाहीतर मुंबईत माझं बरं चाललं होतं. नवऱ्याच्या बदलीमागे फिरणाऱ्या डॉक्टर बायकोला जिथे जावं तिथे श्रीगणेशा करावा लागतो. माझं बंगाली तेव्हा ट्रामच्या कंडक्टरला कळण्याइतपत होतं.

मुलीचं नाव मिठू. वय सहा. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कलकत्त्यात प्रत्येक गच्चीवर पतंग असतात. कटलेला पतंग धरायला ती कठड्यावर वाकली आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली गल्लीत पडली. कवटीला चीर होती. आणली तेव्हा बेशुद्ध होती, चिमटा काढला की हातपाय ताठ करत होती, आणि अंगात एकशे चार फॅरनहाइटच्या वर ताप होता.

इथे थोडं समजावून सांगते. पायाला मार लागला तर पाय सुजतो, त्याला सुजायला जागा असते. मेंदू कवटीत बंद असतो. तो सुजला की स्वतःलाच दाबू लागतो, आणि दाबला गेलेला भाग रक्ताविना मरतो. पहिल्या माराने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं पुढच्या तीन-चार दिवसांत होतं. शरीर थंड केलं तर मेंदूची भूक कमी होते, थोड्या रक्तात आणि थोड्या ऑक्सिजनमध्ये त्याचं भागतं. सूज ओसरेपर्यंत तो तग धरेल, एवढीच यामागची आशा. सान्याल इंग्लंडमध्ये हे पाहून आले होते. मी मुंबईत हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुलं बर्फाच्या पाण्यात थंड केलेली पाहिली होती. तेवढ्यावर त्यांनी मला धरलं.

पहिली अडचण अगदी बाळबोध होती. ताप मोजायच्या थर्मामीटरचा पारा पस्तीस डिग्री सेल्सियसच्या खाली जातच नाही. ताप मोजायला बनवलेली वस्तू ती, गारवा मोजायची तिला गरजच कधी पडली नाही. आम्हाला बत्तीस हवं होतं. मी घरी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गोदीतल्या प्रयोगशाळेतून एक लांब काचेचं थर्मामीटर मागून आणलं. बोटीवरून आलेली तेलं तपासायचं ते. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणलं होतं.

"फुटलं तर माझी नोकरी जाईल," हे म्हणाले.

"फुटलं तर मुलगी जाईल," मी म्हणाले. सकाळी सकाळी असं बोलायला नको होतं.

हे थर्मामीटर ताप मोजायच्या थर्मामीटरसारखं पारा धरून ठेवत नाही. बाहेर काढलं की लगेच खोलीचं तापमान दाखवतं. म्हणून त्यावर रबरी नळी चढवली, टोक तेवढं उघडं ठेवलं, आणि ते गुदद्वारातून आत सरकवून तसंच राहू दिलं. मुलगी कुशीवर, थर्मामीटर बाहेर आलेलं, म्हणजे बघणाऱ्याला पारा कधीही दिसावा.

दुसरी अडचण बर्फाची. हॉस्पिटलच्या फ्रिजमधला बर्फ तासाभरात संपला. मग सियालदहच्या घाऊक मासळीबाजारातून लाद्या आणायला सुरुवात झाली. तागाच्या पोत्यात गुंडाळलेली लादी जिन्यावरून वर यायची, मागे पाण्याची रेघ. त्या बर्फाला इलिश माशाचा वास असायचा. दोन दिवसांत वॉर्डाला, माझ्या साडीला आणि मिठूच्या केसांनाही तो वास लागला.

तिसरी अडचण शरीराचीच. थंडी वाजली की माणूस कुडकुडतो, आणि कुडकुडण्याने उलट गरम होतो. ते थांबवायला आम्ही तीन औषधांचं मिश्रण देत होतो. त्या औषधाने शरीर आपली ऊब राखायचं सोडून देतं. मग त्याच्या शेजारी जे असेल, तसं ते होतं. शेजारी बर्फ तर थंड, शेजारी ऊब तर गरम. ही गोष्ट मला पाठ होती. तरी ती वेळेवर आठवली नाही.

त्या दुपारी सान्याल गेल्यावर मी मिठूच्या पायथ्याशी बसले. पायाला हात लावला. संगमरवरी फरशीला लावावा तसा तो पाय लागला. मी हात तिथेच ठेवला आणि डोळ्यांपुढे दुसराच पाय आला.

माझा मुलगा मंदार तेव्हा साडेपाच वर्षांचा होता आणि सांगलीला माझ्या आईकडे होता. कलकत्त्याच्या दमट हवेत त्याला दमा सुरू झाला. रात्र रात्र बसून काढायचा. शेवटी आईने स्वतः येऊन त्याला नेलं. "वर्षभरात तुमची बदली होईल, मग न्या," म्हणाली. बदली काही झाली नव्हती. आठ महिने झाले होते. मी पाकिटं पाठवायची, आई उत्तरं पाठवायची, आणि शेवटच्या दोन ओळी मंदारच्या तोंडच्या असायच्या. "ट्रामला ड्रायव्हर असतो का घोडा?" असा एक प्रश्न होता. मी ते पत्र पर्समध्ये ठेवून ट्रामने जात-येत वाचायची. त्याला शेवटचं उचललं तेव्हा तो किती वजनाचा होता हे हात विसरत चालले होते, आणि मला त्या विसरण्याची फार भीती वाटायची.

त्या आठवड्यातल्या पाकिटातून आईने एक लाल सुती दोरा पाठवला होता. दिवाळीचा शर्ट मी इथे शिवून पाठवणार होते, त्याचं माप. खांद्यापासून कमरेखाली चार बोटांपर्यंत. आमच्या घरी इंचपट्टीपेक्षा दोऱ्यावर विश्वास जास्त. दोरा एका कागदाला गुंडाळून माझ्या एप्रनच्या खिशात होता, कारण संध्याकाळी कापड घ्यायला जायचं होतं.

असो. मी पायावरचा हात काढला आणि चार्ट घेतला. नर्स दर तासाला पारा बघून ठिपका मांडायची. मी ठिपके जोडून रेघ काढली. रेघ दिवसातून दोनदा डोंगर करत होती. एक डोंगर बारा-एकच्या सुमारास, दुसरा संध्याकाळी सहाच्या सुमारास. काल दोन्ही झाले होते, आज पहिला. सकाळी नऊला सान्यालांच्या राऊंडला मात्र सपाट बत्तीस. इन्फेक्शनचा ताप घड्याळ बघून येत नाही. बर्फही घड्याळ बघून वितळत नाही. वॉर्डात घड्याळ बघून येणारी एकच गोष्ट होती. भेटीची वेळ अकरा ते बारा, आणि चार ते सहा.

अकरा ते बारा मी रोज ऑपरेशन थिएटरमध्ये असायची. त्या वेळात इथे काय चालतं, मी कधी पाहिलंच नव्हतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी शेजारच्या रिकाम्या खाटेच्या पडद्यामागे स्टुलावर बसले. डॉक्टरने असं लपून बसणं शोभत नाही, पण विचारून कोणी खरं सांगितलं नसतं. चारला मिठूची आई आली. शेफाली तिचं नाव. हडकुळी, माझ्याच वयाची असेल. तिच्यामागून वॉर्डातली मिनतीदी नर्स आली आणि तिने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. एका फटीतून मला दिसत होतं.

शेफालीने एकेक करून सहाही पिशव्या काढल्या आणि ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने बादलीच्या कडेला लावल्या, म्हणजे परत ठेवताना चूक होऊ नये. पदराखालून कांथा काढला, जुन्या साड्यांची शिवलेली पातळ गोधडी. ती मुलीच्या खालून-वरून नीट खोचली. मग कमरेला खोचलेली छोटी बाटली काढली. मोहरीच्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला. ते तेल ती मुलीच्या तळव्यांना चोळू लागली, मग छातीला, मग पुन्हा तळव्यांना. चोळताना ती काहीतरी पुटपुटत होती, तालात, मुलांना भरवताना गाणं म्हणतात तसं.

मी उठले आणि पडदा बाजूला केला.

"काय चाललंय हे?"

ती दचकलीसुद्धा नाही. "डाक्तार दिदि," ती म्हणाली, "ठांडा लेगे जाबे." थंडी बाधेल तिला.

"तिला थंड करण्यासाठीच बर्फ ठेवलाय."

"ताप होता तेव्हा ठेवला. ताप परवाच उतरला. हात लावून बघा. मी रोज वाट बघते, बर्फ काढायला कोणी येतच नाही."

मोठ्या हॉस्पिटलात असं होतं, लोक विसरतात, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने आम्हाला दोषही दिला नव्हता. विसरलेलं काम गुपचूप स्वतः करत होती, आणि डॉक्टरांचा अपमान होऊ नये म्हणून परत सगळं जागच्या जागी ठेवत होती.

मला हे सगळं तेव्हा समजलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मला फक्त माझा चार्ट दिसत होता. हिंदी, बंगाली, जे तोंडात आलं त्यात मी तिला फैलावर घेतलं. मिनतीदीलाही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही तुमच्या हाताने तिला मारताय."

शेफाली तेलाच्या हाताने तशीच उभी राहिली. मग अगदी हळू बोलली. "हिच्याआधी मुलगा होता. अकरा महिन्यांचा. सकाळी उचलला तर असाच गार होता. त्या रात्री मी पांघरूण घातलं नव्हतं."

 तरी मी तिला बाहेर काढलंच. मिनतीदीला सांगितलं की माझ्या परवानगीशिवाय ही आत येणार नाही. पिशव्या परत ठेवल्या. सहा वाजता पारा तेहतीसवर होता, आठ वाजता बत्तीसवर. डोस वाढवावा लागला नाही. सान्याल म्हणाले, "बर्फच कमी होता ना?" मी "हो" म्हणाले.

मिठूचे वडील अनिमेषबाबू गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. "उपचार काय चाललाय हे तुम्ही घरी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं की. सान्याल सरांनी मला सगळं एक्सप्लेन केलं होतं."

"काय सांगितलंत?"

ते जरा घुटमळले. "हेच, की ताप आहे म्हणून बर्फ लावलाय. तुम्ही दोघंही इंग्रजीत फार भराभर बोलत होतात."

मिठूला आणलं त्या दिवशी सान्याल आणि मी दोघांनी मिळून त्यांना अर्धा तास समजावलं होतं. मेंदू, सूज, ऑक्सिजन, सगळं. ते प्रत्येक वाक्याला "यस सर, यस मॅडम" म्हणत होते. शेफाली तेव्हा चार पावलांवर दाराशी उभी होती. तिच्याकडे बघून आम्ही एक शब्दही बोललो नाही. मुलीला हात लावणारी, अंग पुसणारी, वेणी घालणारी तीच होती, हे आम्हा दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही. मराठी घर असो की बंगाली, आमच्या पिढीचे डॉक्टर बापाशी बोलायचे आणि आईला औषध आणायला पाठवायचे.

मग मी शेफालीकडे गेले. ती वॉर्डाबाहेर जिन्याच्या खालच्या पायरीवर कांथा मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं. मार लागला की सुजतं. डोक्यात सुजायला जागा नाही. थंड ठेवलं तर मेंदू झोपून राहतो, कमी मागतो. आम्ही विसरलो नाही, मुद्दाम करतोय. सूज उतरली की हळूहळू गरम करू.

तिने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे ती गार असली तरी आहे?"

"आहे. नाडी मी दर तासाला बघते."

तिने मांडीवरचा कांथा घडी केला. मग म्हणाली, "हात तरी धरू दे. नुसता हात. तेल नाही, कांथा नाही."

मी नाही म्हणाले. एका माणसाच्या हाताने बर्फात ठेवलेल्या मुलीचा पारा हलणार नव्हता, हे मला माहीत होतं. पण एकदा कडक झाल्यावर मऊ व्हायला मला जमलं नाही, आणि मिनतीदीसमोर माझा हुकूम मोडणं मला कमीपणाचं वाटलं. दोन दिवस मी येता-जाता त्या पायरीवरून गेले. ती प्रत्येक वेळी मान वर करायची, आणि मी पारा किती तेवढं सांगून पुढे व्हायची. आजही त्या दोन दिवसांची लाज वाटते.

संध्याकाळी घरी गेले की मशीन उघडून बसायची. शर्टासाठी कापड आणलं होतं, निळं, बारीक चौकड्यांचं. पण कापायला हात धजत नव्हता. ह्यांनी विचारलं, "अगं, कात्री घेऊन नुसती काय बसलीस?" मी म्हणाले, "मंदार झोपताना अजून पायाने पांघरूण उडवतो का हो?" ह्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सांगलीत रोज रात्री त्याच्यावर ते परत घालणारी माझी आई होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता.

सहाव्या दिवशी सकाळी सान्याल म्हणाले की सूज उतरलेली दिसते, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला लहान होतायत, आता गरम करायला घ्या. हे काम थंड करण्याहून अवघड. भराभर गरम केलं तर सूज परत येते आणि सगळं मुसळ केरात. तीन-चार तासांत एक डिग्री, त्याहून जास्त नाही. गरम पाण्याच्या पिशव्या वापरायच्या, तर त्या औषधाखालच्या कातडीला लगेच भाजतं. नुसतं हवेवर सोडलं, तर सप्टेंबरच्या कलकत्त्यात पारा आपल्या मर्जीने चढतो. कोणीतरी समोर बसून पाऱ्यावर नजर ठेवायला हवी होती. पांघरूण घालायचं, काढायचं, घालायचं. पुढचा सबंध दिवस आणि रात्र. मिनतीदीकडे तीस मुलं होती.

"नर्स कुठून आणणार?" सान्यालांनी विचारलं.

"आई आहे," मी म्हणाले.

"जिला तुम्ही हाकललंत ती?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. "तीच," मी म्हणाले. "सहा पिशव्या ती ज्या क्रमाने काढून ठेवत होती, तेवढं नीट काम आपल्या वॉर्डात कोणी करत नाही. आणि ती जागची उठणार नाही."

"हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"पुस्तकातलं ब्लँकेटसुद्धा आपल्याकडे नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमच्या जबाबदारीवर," म्हणाले.

मी शेफालीला आत बोलावलं. ती दारातच थांबली, परवानगी खरी आहे का हे मिनतीदीच्या तोंडाकडे बघून ठरवत. मग आली. खाटेजवळ स्टूल ठेवलं. तिला आकडे वाचता येत नव्हते, आणि त्या थर्मामीटरवरच्या रेघा माझ्यासारखीलाही डोळे ताणून बघाव्या लागत. काचेवर कुठेतरी खूण करायला हवी होती. ऑपरेशन थिएटरमधून रेशमी दोरा मागवता आला असता. पण माझा हात खिशात गेला आणि मंदारचा लाल दोरा लागला. ड्रेसिंगच्या कात्रीने त्याच्या टोकाचा एक तुकडा कापला. किती कापला ते मोजलं नाही. तो थर्मामीटरला गुंडाळून तेहतीसवर गाठ मारली.

"पारा या लाल दोऱ्याच्या खाली असेल तोवर कांथा अंगावर," मी सांगितलं. "दोऱ्यापर्यंत आला की कांथा बाजूला. खाली गेला की परत. तीन तासांनी दोरा वर सरकवू."

"आणि हात?"

"हात ठेवलेला चालेल. काढू नका."

तिने एक हात मिठूच्या पावलावर ठेवला. पाच दिवसांनी हक्काने ठेवला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. पाणी आलं तर पारा दिसला नसता.

मी त्या दिवशी थिएटरमधून दोनदा धावत येऊन पाहून गेले. दोन्ही वेळा पारा दोऱ्याला टेकलेला आणि कांथा तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला. मिनतीदी दुपारी म्हणाली, "पंखा जागचा हलत नाही, दिदि, तशी ही." तिने शेफालीला भात आणून दिला, शेफालीने एका हाताने खाल्ला. संध्याकाळपर्यंत दोरा पस्तीसवर गेला. रात्री मिनतीदीनेच सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा तो सदतीसवर होता आणि चार्टवरची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी सारखी चढलेली होती.  सान्याल तो चार्ट घेऊन गेले, आणि पुढे विद्यार्थ्यांना दाखवायचे. आईने काढलेली रेघ आहे हे सांगायचे की नाही, मला माहीत नाही.

मिठूने डोळे उघडले ते त्यानंतर तीन दिवसांनी. आईकडे पाहिलं की पंख्याकडे, यावर आमचा वाद झाला. बोलायला दुर्गापूजा उलटून गेली. पूजेचा नवा फ्रॉक तिने खाटेवरच घातला. डावा हात अशक्तच राहिला आणि शब्द सापडायला तिला वेळ लागायचा. घरी गेली तेव्हा वडिलांचं बोट धरून, पाय किंचित ओढत, पण स्वतःच्या पायाने गेली. थंड केल्यामुळे वाचली की तशीही वाचली असती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पुढे आम्ही आणखी काही मुलं थंड केली. त्यातली काही गेली. मग ही पद्धत डोक्याच्या जखमांसाठी मागे पडली, आणि आता जन्मतः गुदमरलेल्या बाळांसाठी यंत्रं लावून करतात असं ऐकते. ती यंत्रं पारा स्वतःच सांभाळतात.

मी शिकले ते एवढंच. उपचाराचा कागद लिहिताना पहिल्या ओळीत औषध नाही लिहायचं. या मुलाला हात कोण लावतं ते लिहायचं, आणि त्या माणसाला त्याच्या भाषेत सगळं सांगायचं. निवृत्त होईपर्यंत मी तसं लिहीत राहिले आणि माझे ज्युनियर माझ्या पाठीमागे हसत राहिले.

तो दोऱ्याचा तुकडा परत घ्यायचं राहिलं. थर्मामीटर धुऊन, मोज्यात घालून ह्यांनी गोदीत परत केलं, तेव्हा तो त्यावरच होता. कापड मी त्याच आठवड्यात उरलेल्या दोऱ्याच्या मापाने कापलं, शर्ट शिवला आणि पार्सल केलं. कापलेल्या तुकड्याची आठवण पार्सल गेल्यावर झाली.

दिवाळीनंतर आईचं पाकीट आलं. शर्ट छान आहे, लिहिलं होतं, पण दोन बोटं आखूड झाला. पोरगा वाढतोय, पुढच्या खेपेला जास्त धर.

आणखी चौदा महिन्यांनी आमची बदली झाली. सांगलीच्या स्टेशनवर मंदार मला उराशी धरू देताना अवघडला. त्या शर्टातली दोन बोटं किती माझ्या कात्रीची होती आणि किती तो वाढला होता, हे मी कितीदा मोजू पाहिलं. मोजायला जवळ काही नव्हतं.